रावेरची पानं, शिरपूरची परीक्षा

सकाळी सहा

जळगावहून निघून भुसावळच्या पुढे तापीचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंनी केळी सुरू होते. ऑगस्टचे दिवस आहेत. चार दिवस सूर्य नीट दिसलेला नाही, अधूनमधून झिमझिम चालू आहे. केळीवाल्याला हे हवामान नको असतं, कारण दोन रोगांना ते मानवतं. मागच्या ऑक्टोबरात लावलेल्या कांदेबागेत पानांवर करपा चढतो, आणि जून-जुलैत लावलेल्या मृगबागेत सीएमव्ही दिसू लागतो. कुकुंबर मोझॅक व्हायरस हे त्याचं पूर्ण नाव. रावेर-यावलकडे त्याला हरण्या म्हणतात.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते. मोबाइलवर काढलेल्या केळीच्या पानाच्या फोटोवरून ते पान निरोगी आहे, करप्याचं आहे, सीएमव्हीचं आहे की पालाश कमी पडल्याचं आहे, हे यंत्राला सांगता येईल का, हा माझ्या नि माझ्या विद्यार्थ्यांच्या कामाचा विषय. यंत्राला शिकवायच्या पद्धती डझनभर आहेत. त्यातली आपल्या बागेत टिकणारी कोणती, हे ठरवायचं तर सगळ्यांना एकाच परीक्षेला बसवावं लागतं. ती परीक्षा प्रामाणिक कशी ठेवायची यातच आमचा बहुतेक दिवस जातो.

सात ते साडेनऊ

बाग सावद्याच्या अलीकडे आहे. बागायतदारांना सगळे आबा म्हणतात, आम्हीही. गाडीच्या डिकीतून सामान निघतं: वेगवेगळ्या किमतीचे तीन मोबाइल, एक वही, दोरी आणि झाडांना बांधायच्या नंबरच्या चिठ्ठ्या. महागडा कॅमेरा मुद्दाम आणत नाही. उद्या हे वापरणारा माणूस ज्या फोनने फोटो काढेल, त्याच फोनच्या फोटोंवर यंत्र शिकलं पाहिजे.

मृगबागेत झाडं अजून गुडघ्याएवढी आहेत. माझी पीएचडीची विद्यार्थिनी वाकून फोटो काढायला लागली तसे आबा म्हणाले, "ताई, खालचं पान घेऊन काय उपयोग? पोंग्याजवळचं घ्या." आबांचं बरोबर आहे. सीएमव्हीचे फिकट पिवळे पट्टे कोवळ्या पानांवर आधी उमटतात, पुढे पान आखडतं, बारीक होतं आणि रोग वाढला की पोंगा सडतो. पालाशची कमतरता उलट जुन्या पानांवर दिसते, शेंड्याकडून आणि कडेने पिवळी-नारिंगी होत वाळत जाते. पान वरून कितवं हे कळलं की अर्धं निदान झालं. फोटोत मात्र नुसतं पान येतं, त्याचं झाडावरचं स्थान येत नाही. म्हणून प्रत्येक फोटोपुढे वहीत पान कितवं, लागवडीची तारीख, वाण, फवारणी कधी झाली आणि बागेचा नंबर लिहिलेला असतो. यातला बागेचा नंबर सगळ्यात मोलाचा. कारण दुपारी सांगते.

मग कांदेबाग. इथे झाडं डोक्याच्या वर, घड लागलेले. करप्याची सुरुवात वरून तिसऱ्या-चौथ्या पानावर बारीक पिवळसर रेघांनी होते. रेघा रुंदावतात, तपकिरी होतात आणि शेवटी मधे राखाडी, भोवती पिवळी कड असा डोळ्यासारखा ठिपका तयार होतो. आज या बागेत एक वेगळीच अडचण आहे. परवा बुरशीनाशकाबरोबर मिनरल ऑइल फवारलेलं आहे आणि पानं तेलकट चमकताहेत. चमक पडलेल्या जागी फोटोत पांढरा पट्टा येतो. माणूस तो पट्टा डोळ्याआड करतो. रंगांच्या बेरजेवर चालणारी पद्धत मात्र तो पट्टा डाग म्हणून मोजू शकते. चमकणारी पानं टाकून द्यायची का, असं एका मुलाने विचारलं. टाकायची नाहीत. करप्याच्या दिवसांत फवारलेली पानं बागोबाग असणार, तेव्हा ती संचात हवीतच.

आणखी एक काळजी घ्यावी लागते, आणि ती फोटो काढतानाच घ्यावी लागते. मृगबागेतले फोटो वरून खाली वाकून काढलेले, त्यांच्या पार्श्वभूमीला काळी माती आणि ठिबकची नळी. कांदेबागेतले फोटो खालून वर पाहत काढलेले, त्यांच्या पार्श्वभूमीला आभाळ. सीएमव्हीचे सगळे फोटो मातीवरचे आणि करप्याचे सगळे आभाळावरचे निघाले, तर यंत्र रोग शिकण्याआधी माती आणि आभाळ शिकेल आणि टक्केही भरघोस मिळवेल. म्हणून निरोगी पानं दोन्ही बागांतून घ्यायची, करप्याचं पान तोडून मातीवर धरायचं, कोवळं पान आभाळासमोर धरायचं. यात वेळ जातो, कंबर दुखते. पण हे टाळलं की पुढची सगळी तुलना पोकळ ठरते.

निघताना आबांनी विचारलं, "ताई, तुमचं यंत्र चुकलं आणि मी चांगलं झाड उपटून टाकलं, तर ते कोण भरून देणार?" उत्तर द्यायला मला संध्याकाळपर्यंतचा वेळ हवा होता. एम.टेक.चा मुलगा मागे राहिला. दुपारच्या उन्हातले, म्हणजे आज ढगाळ उजेडातले, फोटोही लागतात.

साडेदहा

महाविद्यालयात परत. आता लेबल लावायचं काम. रोगशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक आणि केळीत आयुष्य घालवलेले एक कृषी अधिकारी, दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसून तेच फोटो पाहतात आणि एकमेकांचं उत्तर न बघता नाव लिहितात. दोघांचं जुळलं तर फोटो संचात जातो. जुळलं नाही तर बाजूला. शंकेच्या झाडाचं पान प्रयोगशाळेत जातं, तिथे एलायझा किंवा पीसीआर चाचणीने विषाणू आहे की नाही ते कळतं.

आज एका पानावर दोघं अडले. कोवळं पान, फिकट पट्टे, पण कडा वाळलेल्या. एकाने सीएमव्ही लिहिलं, दुसऱ्याने अन्नद्रव्याची कमतरता. जेवणाआधी दोघं समोरासमोर बसून वाद घालत होते आणि वादातून एकमत झालं ते एवढंच, की फोटोवरून हे ठरत नाही. अशा फोटोंना आमच्याकडे वेगळं खातं आहे. जिथे दोन जाणते अडतात तिथे यंत्राने ठामपणे उत्तर दिलं तर मला त्याचं कौतुक वाटत नाही, काळजी वाटते.

बारा

आज चार उमेदवार परीक्षेला आहेत.

पहिला सगळ्यात जुना, 'के-निअरेस्ट नेबर'. टॉमस कव्हर आणि पीटर हार्ट यांनी १९६७ साली त्याचं गणित मांडलं. नवा फोटो आला की साठवलेल्या फोटोंपैकी त्याच्या सर्वांत जवळचे पाच-सात शोधायचे आणि त्यांच्यात बहुमत ज्या रोगाचं तो रोग म्हणायचा. शिकणं असं काही नाही, सगळं पाठांतर. पण जवळ म्हणजे काय? २२४ बाय २२४ चा रंगीत फोटो म्हणजे १,५०,५२८ आकडे. या आकड्यांतलं अंतर मोजलं तर सकाळच्या उजेडातलं रोगट पान सकाळच्या निरोगी पानाच्या जवळ जातं, दुपारच्या रोगट पानाच्या नाही. उजेड आणि पार्श्वभूमी रोगाला गिळून टाकतात. तरीही ही पद्धत मी काढत नाही. बाकीच्यांनी निदान हिच्या पुढे तरी जायला हवं, ही तळाची रेघ ती आखून देते.

दुसरा आणि तिसरा उमेदवार जरा शहाणे. त्यांना कच्चे आकडे देत नाहीत. आधी माणूस ठरवतो की पानात बघायचं काय: रंगांचं प्रमाण, पोताचा खडबडीतपणा, कडांची दिशा. पोत मोजायची एक रीत रॉबर्ट हॅरेलिक यांनी १९७३ साली दिली. शेजारशेजारच्या बिंदूंच्या छटा किती वेळा कशा जोडीने येतात हे मोजायचं आणि त्यातून पोताचे आकडे काढायचे. कडांच्या दिशा मोजणारी 'हॉग' ही रीत २००५ मध्ये दलाल आणि ट्रिग्ज यांनी रस्त्यावरची माणसं ओळखण्यासाठी मांडली. या मोजमापांवर मग 'सपोर्ट व्हेक्टर मशीन' बसवायचं, जे दोन गटांमध्ये जास्तीत जास्त मोकळी जागा ठेवून सीमा आखतं. ते आजच्या रूपात १९९५ चं, कोर्टेस आणि वापनिक यांचं. किंवा लिओ ब्रायमन यांचं २००१ चं 'रँडम फॉरेस्ट', ज्यात शेकडो निर्णयवृक्ष मत देतात आणि बहुमताने उत्तर ठरतं. दोन्ही साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत शिकून तयार होतात. ज्या महाविद्यालयात जीपीयू नाही तिथल्या मुलांनी खट्टू होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. या पद्धतींनी सुरुवात केली की आपल्या फोटोंमध्ये मुळात दम किती हे लगेच कळतं. करप्यावर त्या बऱ्या चालतात, कारण करप्याला ठसठशीत ठिपका आहे, रंग आहे, पोत आहे. सीएमव्हीच्या फिकट पट्ट्यांवर अडतात.

चौथा उमेदवार कन्व्होल्यूशनल न्यूरल नेटवर्क. काय बघायचं हे इथे माणूस सांगत नाही, जाळं स्वतः शिकतं: आधीच्या थरांत कडा आणि रंग, मधल्या थरांत ठिपके आणि रेघा, शेवटच्या थरांत त्यांची जुळणी. यान लकून यांची हस्तलिखित आकडे वाचणारी जाळी १९९० च्या दशकात बँकांच्या चेकवर चालत होती. पण जगाचं लक्ष गेलं २०१२ साली, इमेजनेटच्या स्पर्धेत. हजार प्रकार, सुमारे १२ लाख फोटो. ॲलेक्सनेट या जाळ्याची चूक १५.३ टक्के आली, दुसऱ्या क्रमांकाची २६.२ टक्के. पहिल्या पाच उत्तरांतही बरोबर उत्तर नसेल तर ती चूक धरायची, असा नियम होता. तीन वर्षांनी, २०१५ मध्ये, रेसनेटने हाच आकडा ३.५७ वर आणला.

आमच्याकडे लाखो पानं नाहीत. म्हणून इमेजनेटवर आधीच शिकलेलं जाळं घ्यायचं आणि त्याचे शेवटचे थर केळीच्या पानांवर नव्याने शिकवायचे. कडा आणि पोत ओळखायला ते कुत्र्या-मांजरांच्या, गाड्या-कपबश्यांच्या फोटोंवर शिकलेलं असतं, पण ते ज्ञान पानावरही कामी येतं. दोन जाळी आम्ही चालवतो. रेसनेट-५० मध्ये अडीच कोटींहून अधिक आकडे जुळवायचे असतात आणि फाइल शंभर एमबीच्या आसपास जाते. मोबाइलनेटची दुसरी आवृत्ती पस्तीस लाखांच्या आसपास आणि सुमारे १४ एमबी. ट्रान्सफॉर्मर हा जाळ्याचा अलीकडचा प्रकार मुलांना फार खुणावतो. २०२० च्या मूळ निबंधातच लिहिलेलं आहे की नुसत्या इमेजनेटवर शिकवलं तर तो रेसनेटच्या मागे राहतो, आणि पुढे जातो तो कोटींच्या संख्येने फोटो मिळाल्यावर. आमच्या आजच्या यादीत तो नाही.

दीड

डबा. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. जेवताना एक मुलगी मोबाइलवर शोधनिबंध दाखवते: "मॅडम, यांना ९९ टक्के आलेत. आपल्याला का येत नाहीत?"

हा प्रश्न दर वर्षी येतो, आणि त्याचं उत्तर म्हणून मी एकच गोष्ट सविस्तर सांगते. मोहंती, ह्यूज आणि सलाथे यांनी २०१६ साली प्लँटव्हिलेज या संचावर काम केलं. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. जाळ्याची अचूकता आली ९९.३५ टक्के. जगभर गाजलेला आकडा. पण त्याच निबंधात त्याच लेखकांनी आणखी एक आकडा स्वतः छापला आहे. इतरत्र, वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो त्याच जाळ्याला दाखवले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांच्या आसपास उतरली. प्लँटव्हिलेजमधलं प्रत्येक पान तोडून, साध्या एकरंगी पार्श्वभूमीवर ठेवून काढलेलं आहे. बागेत पान असं कधी मिळतं?

पुढे २०२२ साली एका संशोधकाने त्या संचाची वेगळीच झडती घेतली. प्रत्येक फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त आठ बिंदू घेतले, पानाचा एक बिंदूही नाही. तेवढ्यावर रँडम फॉरेस्ट शिकवलं आणि अचूकता आली ४९ टक्के. पीक आणि रोग मिळून ३८ प्रकार, म्हणजे डोळे मिटून उत्तर दिलं तर तीन टक्केही येऊ नयेत. एकेका रोगाचे फोटो एकेका बैठकीत, एका उजेडात, एका कागदावर काढले गेले की तो कागदच रोगाची खूण बनतो. सकाळी आम्ही करप्याचं पान मातीवर धरत होतो ते यासाठी.

आणि हेही मुलांना माहीत हवं: त्या चौदा पिकांत केळी नाही, कापूस नाही. सफरचंद आहे, ब्लूबेरी आहे, रासबेरी आहे. खानदेशाने आपलं काम दुसऱ्याच्या संचावर उरकू नये. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्या रोगट पानांचा विश्वासार्ह संचही जळगाव-धुळ्यातच तयार व्हायला हवा.

आता बागेच्या नंबराचं. आपल्याकडच्या बहुतेक प्रकल्पांत सगळे फोटो एकत्र पिसतात, ऐंशी टक्के शिकवायला आणि वीस टक्के परीक्षेला. एका झाडाचे आपण पाच-सहा फोटो काढलेले असतात. पिसल्यावर त्यातले चार-पाच शिकवणीत जातात, एखाद-दुसरा परीक्षेत. म्हणजे पेपर आदल्या रात्रीच विद्यार्थ्याच्या हातात. मग पाठांतर करणारी पद्धतही उत्तम गुण मिळवते आणि चार उमेदवारांतला फरक पुसला जातो. म्हणून आमच्याकडे वाटणी फोटोंची होत नाही, बागांची होते. जी बाग परीक्षेला तिचं एकही पान शिकवणीत नाही. अशी वाटणी केली की टक्के खाली येतात, आणि त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तेच आहे. उतरलेले टक्के पाहून मुलं नाराज होतात. मी त्यांना सांगते की हाच आकडा आबांना दाखवता येईल असा आहे.

चार

धुळ्याशी व्हिडिओ कॉल. तिथला गट मुळात कापसाचा. गुलाबी बोंडअळीसाठी शेतात कामगंध सापळे लावतात. एका सापळ्यात रोज आठ पतंग सलग तीन रात्री सापडले की फवारणीची वेळ आली, असा सर्वमान्य निकष आहे. सापळ्यातल्या पतंगांचा फोटो काढून यंत्राने ते मोजावेत यावर वाधवानी एआय या मुंबईच्या संस्थेने मोठं काम केलं. त्यांचं ॲप इंटरनेट नसतानाही साध्या फोनवर चालेल एवढं जाळं आटवून बसवलं होतं. धुळ्याच्या मुलांचं लक्ष त्याच वाटेवर आहे. शिवाय पानावरचा लाल्या, जो बहुधा अन्नद्रव्य आणि हवामानाचा विकार असतो, तो किडीच्या लालीपासून वेगळा काढायचा त्यांचा प्रयत्न चालू आहे.

पण आमच्यासाठी ते एक अमोल काम करतात. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात तापीकाठी केळी आहे. तिथल्या बागांतले फोटो ते काढतात, तिथलेच जाणते लेबल लावतात आणि तो संच धुळ्यातच राहतो. आम्ही जळगावात चारही पद्धतींची मॉडेल शिकवतो, त्यांची सगळी जुळवाजुळव आमच्याच बागांवर संपवतो आणि तयार फाइल तिकडे पाठवतो. शिरपूरची पानं आम्ही पाहिलेली नाहीत. निकाल बघून मॉडेल पुन्हा सुधारायचं आणि त्याच पानांवर पुन्हा परीक्षा घ्यायची, हे ठरवून बंद आहे. तसं केलं तर चार-सहा फेऱ्यांत शिरपूरही शिकवणीचाच भाग होऊन जाईल.

आजच्या फाइली पावणेपाचला गेल्या. तोवर विद्यार्थिनीने एक तपासणी उरकली. ग्रॅड-कॅम नावाची २०१७ सालची युक्ती आहे. जाळ्याने उत्तर देताना फोटोच्या कोणत्या भागाला वजन दिलं तो भाग तांबडा करून दाखवते. सीएमव्ही म्हणून बरोबर ओळखलेल्या एका फोटोत तांबडा डाग पानावर थोडा आणि ठिबकच्या नळीवर बराच होता. उत्तर बरोबर, कारण चूक. असे फोटो तिने वेगळे काढले, आणि पुढच्या खेपेला नळी असलेल्या निरोगी झाडांचे फोटो वाढवायचे, असं वहीत लिहिलं.

साडेसहा

धुळ्याहून निकाल आला. पाहिलं ते एकूण टक्के नव्हेत, गोंधळाचा तक्ता. कोणत्या रोगाची किती पानं कोणत्या नावाने ओळखली गेली, याचा चार बाय चारचा चौकोन. एकूण अचूकता फार फसवी असते. बागेतल्या शंभर पानांत नव्वद निरोगी असतील तर "सगळं निरोगी" एवढंच म्हणणारं यंत्र नव्वद टक्के मिळवतं आणि एकही रोगी झाड पकडत नाही.

तक्त्यातला क्रम सांगते. शिरपूरच्या पानांवर सगळेच खाली आले. के-निअरेस्ट नेबर कोसळलं, कारण तिथली जमीन नि उजेड त्याच्या पाठांतरात नव्हते. रँडम फॉरेस्ट आणि सपोर्ट व्हेक्टर मशीन करप्यावर तग धरून राहिले, सीएमव्ही आणि पालाशच्या कमतरतेत घोळले. दोन्ही जाळी पुढे राहिली. आपल्याच बागांवर रेसनेटने मोबाइलनेटला मागे टाकलं होतं, शिरपूरला तो फरक इतका कमी उरला की दोन्हींनी नेमके कोणते वेगळे फोटो चुकवले त्यावर मॅकनेमार चाचणी लावल्याशिवाय त्याला फरक म्हणणं योग्य नाही. १९४७ ची ही चाचणी हातानेही करता येते, आणि तुलनेच्या निबंधांत ती इतकी क्वचित दिसते याचं मला वाईट वाटतं.

आता आबांचा प्रश्न. केळीची लागवड दीड बाय दीड मीटरवर केली तर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात. समजा त्यातल्या दोन टक्क्यांना, म्हणजे ८९ झाडांना, सीएमव्ही आहे. समजा यंत्र शंभरातली ९५ रोगी झाडं पकडतं आणि शंभरातल्या पाच निरोगी झाडांनाच उगाच रोगी म्हणतं. कागदावर हे यंत्र फार चांगलं दिसतं. हिशेब करा. रोगी ८९ पैकी ८५ च्या आसपास सापडतील. निरोगी ४,३५५ पैकी २१८ झाडांवरही बोट ठेवलं जाईल. म्हणजे यंत्राने दाखवलेल्या सुमारे तीनशे झाडांतली दहाला सात निरोगी. सीएमव्हीला औषध नाही, रोगी झाड उपटून नष्ट करणं आणि ते पसरवणाऱ्या माव्याला आवरणं हाच उपाय. यंत्राचं ऐकून उपटत गेलं तर दोनशेहून जास्त चांगली झाडं, त्यांची टिश्यूकल्चरची रोपं, खत, पाणी, सगळं गेलं.

यावर उपाय आहे. जाळं प्रत्येक उत्तराबरोबर आपली खात्रीही आकड्यात देतं. किती खात्री असेल तरच रोगी म्हणायचं, ती मर्यादा वर सरकवली की उगाच बोट ठेवणं घटतं. हजार निरोगी झाडांत पाचच चुका होतील अशी मर्यादा धरली तर २१८ च्या जागी २२ उरतात. बदल्यात काही रोगी झाडं पहिल्या फेरीत निसटतात, त्यांना आठवड्याने पुन्हा पाहायचं. म्हणून चार पद्धतींची तुलना मी आता या एकाच कसोटीवर करते: निरोगी झाडांवरच्या चुका हजारी पाचांवर बांधून टाकल्या, तर रोगी झाडं किती सापडतात? या कसोटीवर शिरपूरच्या पानांत मोबाइलनेट रेसनेटच्या बरोबरीने उभं राहिलं. फाइल सात पटींनी लहान, सिग्नल नसलेल्या बागेत साध्या फोनवर चालणारं. माझं मत त्याच्या बाजूने पडलं.

रात्री नऊ

उद्याच्या फेरीची वही भरून ठेवते आहे. एम.टेक.च्या मुलाचे दुपारचे फोटो आले आहेत. त्याने फवारलेल्या पानांची वेगळी नोंद न सांगता ठेवली, याचा आनंद झाला. आबांना फोन केला आणि दोनशे अठरा झाडांचा हिशेब जसाच्या तसा सांगितला. ते म्हणाले, "मग यंत्राने दाखवावं, मी बघावं, आणि मग उपटावं." ॲपमध्ये तसंच करतो आहोत. "हे झाड तपासा" असं लिहून येईल, "उपटा" असं कधीच येणार नाही.

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या महाविद्यालयांत या विषयावर प्रकल्प करणाऱ्या मुला-मुलींना माझी विनंती आहे. अहवालात पहिला आकडा न पाहिलेल्या बागेचा लिहा, मग आपल्या बागेचा. मार्गदर्शकांनी "परीक्षेची बाग वेगळी होती का?" हा प्रश्न तोंडी परीक्षेत विचारावा. आणि बागायतदार बंधू-भगिनींनो, पानाचा फोटो काढाल तेव्हा गाव, लागवडीची तारीख, वाण आणि पान वरून कितवं एवढं लिहून ठेवा. कोणत्याही ॲपने सीएमव्ही म्हटलं तरी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्यांना किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राला झाड दाखवल्याशिवाय त्याला हात लावू नका.